डिकीत न मावणारं सामान

नाशिकमध्ये रिक्षावाल्याला ‘गोल्फ क्लब’ एवढंच सांगितलं तरी तो तुम्हाला मैदानाच्या फाटकाशी आणून सोडतो. पहाटे फिरायला येणारी मंडळी, क्रिकेटच्या नेटमध्ये घाम गाळणारी पोरं आणि रणजीचा सामना लागला की डबे घेऊन दिवसभर ठाण मांडणारे जुने शौकीन, असं सगळं तिथे दिसतं. दिसत नाही ते फक्त गोल्फ. इंग्रजांच्या काळात इथे तो खेळ चालायचा, त्याची खूण लोकांच्या तोंडी राहिली आहे. मैदानाचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. २१ डिसेंबर १९०९ रोजी याच गावात, विजयानंद नाट्यगृहात, कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणाऱ्या तरुणाचं नाव साहेबाच्या खेळाच्या जागेला मिळालं. इतिहास कधी कधी असे हिशेब चुकते करतो. पण पत्ता सांगताना अजून सगळे ‘गोल्फ क्लब’च म्हणतात.

गोल्फ खेळणारे नाशिककर आहेत, मात्र त्यांचा खेळ गावाबाहेर चालतो. देवळालीच्या लष्करी हद्दीत ज्यांना शिरकाव आहे ते तिथे खेळतात. बाकीच्यांनी पुणं गाठायचं, नाहीतर मुंबई. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ पासूनचा, खारघरला डोंगराच्या पायथ्याशी सिडकोचं मैदान. कुणी उन्हाळ्यात गुलमर्गला जातं, कुणी मित्रांचा गट करून थायलंडला. अलीकडे त्यांत भर पडली आहे ती मुलाकडे किंवा लेकीकडे अमेरिका-ऑस्ट्रेलियात चार-सहा महिने राहायला जाणाऱ्या निवृत्तांची. नातवंडं शाळेत गेली की दिवसभर करायचं काय, म्हणून सेट सोबत न्यायचा. आणि मग प्रश्न येतो, की सव्वा मीटर लांब, तेरा-चौदा किलोंची, दीड-दोन लाख रुपयांची ही पिशवी समुद्रापार धडधाकट पोचवायची कशी? सोबत घेऊन बसायची सोय नाही. विमानात केबिनमध्ये न्यायला बंदी असलेल्या वस्तूंच्या यादीत क्रिकेटची बॅट आणि हॉकी स्टिक यांच्याच रांगेत गोल्फच्या काठ्याही आहेत. चेंडू खळीत ढकलायचा एकटा पटरसुद्धा चालत नाही. म्हणजे पिशवी काउंटरवर सोपवायची आणि पलीकडे पट्ट्यावर येईपर्यंत वाट बघायची.

इंग्रज साहेबाला ही चिंता कमी छळत असणार. मुंबईत रॉयल बॉम्बे गोल्फ क्लब १८४२ मध्ये निघाला, थळ घाटातून रेल्वे वर चढली ती त्यानंतर वीसेक वर्षांनी. एकोणिसाव्या शतकातल्या काठ्यांचे दांडे हिकरी नावाच्या चिवट अमेरिकी लाकडाचे असत. मोडला तर कुशल सुतार दुसरा बसवून देई. पोलादी दांड्यांना अमेरिकेत १९२४ मध्ये आणि ब्रिटनमध्ये १९२९ मध्ये मान्यता मिळाली आणि मोडतोडीचा प्रश्न आणखी सौम्य झाला. तो पुन्हा तीव्र केला ग्रॅफाइटने. दांडा हलका झाला, चेंडू लांब जाऊ लागला, आणि पिशवीत एक अशी वस्तू आली जी मैदानावर शेकडो फटके निमूट सोसते पण विमानतळावरच्या एका आपटीत जाते.

ते कसं होतं हे समजून घेतलं की अर्धं काम झालं. नियमाने पिशवीत जास्तीत जास्त १४ काठ्या ठेवता येतात. त्यांतल्या आयर्न म्हणजे लोखंडी डोक्याच्या काठ्या आखूड आणि दणकट, बऱ्याचदा पोलादी दांड्याच्या. त्यांच्या जिवाला फारसा धोका नसतो. सगळ्यांत लांब काठी ड्रायव्हर, ४५-४६ इंचांची, म्हणजे ११५ सेंटिमीटरच्या आसपास. आखूड वेज ९० सेंटिमीटरची. पिशवीत सगळ्या उभ्या केल्या की ड्रायव्हरचं डोकं आयर्नच्या वर वीतभर निघतं. डोकं पोकळ, बहुधा टायटॅनियमचं, २०० ग्रॅमचं. त्याला पेलणारा दांडा पन्नास-साठ ग्रॅमचा. आता ही पिशवी उलटी आदळली, तर तिचं सगळं वजन त्या एका डोक्यावर येतं आणि डोकं जिथे दांड्याला चिकटवलेलं असतं त्या मानेपाशी दांडा कडकन तुटतो. दुसरा प्रकार आडव्या मारातला. पिशवीवर कुणीतरी तीस किलोची सूटकेस टाकली की दांडा बाजूने चेपला जातो. कार्बनच्या धाग्यांची ताकद लांबीच्या दिशेने असते, बाजूने चेंगरलं तर आत तडा जातो. वरच्या रंगाखाली तो दिसतही नाही. मग चार दिवसांनी पहिल्या टीवर जोरात फटका मारावा आणि डोकं चेंडूच्या पुढे उडत जावं, असा प्रसंग ओढवतो.

गंगापूर रोडला एका निवृत्त कर्नलसाहेबांची पिशवी भरली जात असताना मी व्हरांड्यात बसून होतो. लेक टेक्सासमध्ये, तिकीट दोन दिवसांनंतरचं. काम चाललं होतं ते लष्करी शिस्तीत. आधी ड्रायव्हर आणि त्याच्या खालोखाल लांब असलेला फेअरवे वुड बाहेर काढले. नव्या ड्रायव्हरचं डोकं स्क्रूवर बसवलेलं असतं, ते सोबत मिळणाऱ्या छोट्या पान्याने सुटं होतं. परत बसवताना पाना ‘टक्’ असा आवाज करेपर्यंतच फिरवायचा. डोकं काढून लोकरी मोज्यात घातलं आणि सूटकेसमध्ये कपड्यांच्या मधोमध गेलं. मानच उरली नाही, तर मोडणार काय? फेअरवे वुड जुना, त्याचं डोकं निघत नाही. तो पिशवीत उलटा खोचला, डोकं खाली आणि मूठ वर. उरलेल्या काठ्यांच्या दांड्यांमध्ये जुने टॉवेल असे कोंबले, की पिशवी हलवली तर आतून काही वाजू नये. मग सगळ्या काठ्या वेल्क्रोच्या पट्ट्याने एकत्र आवळल्या. शेवटी आली ती गोष्ट जिच्यासाठी मी मुद्दाम थांबलो होतो. एक ॲल्युमिनियमचा लांब-आखूड करता येणारा खांब, वर टोपीसारखं गोल टोक. याला स्टिफ आर्म म्हणतात. तो पिशवीच्या मधोमध उभा करायचा आणि सर्वांत उंच काठीपेक्षा तीन-चार बोटं वर काढून घट्ट करायचा. पिशवी डोक्यावर आपटली तरी मार या खांबावर पडतो आणि तिथून थेट पिशवीच्या बुडाला पोचतो. काठ्यांना त्याची वार्ताही लागत नाही.

खांबाची किंमत सेटच्या मानाने किरकोळ, तरी तो नसलेल्या पिशव्याच अधिक. ज्यांच्याकडे नसतो ते झाडूचा लाकडी दांडा योग्य लांबीला कापून घालतात. बुडाला आणि वरच्या टोकाला रबराची बुचं बसवली तर तोही काम भागवतो. दांड्यांना गुंडाळायला एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा फोमचा पाइप उत्तम. एसी दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानात मीटरवर मिळतो, उभा चिरून दांड्यावर बसवायचा.

कर्नलसाहेबांच्या पिशवीत जागा उरली आहे असं दिसताच त्यांच्या पत्नी, काकू, आतून चिवड्याची पाकिटं आणि मनुक्यांची पुडकी घेऊन आल्या. टॉवेल कोंबता, तर त्याऐवजी हेच कोंबा की, असा त्यांचा बिनतोड सवाल. कर्नलसाहेबांनी युद्धात दाखवली असेल तेवढीच दृढता दाखवून नकार दिला. त्यांचं कारण रास्त होतं. खेळाचं सामान म्हणून विमान कंपन्या ज्या सवलतीत पिशवी घेतात, ती पिशवीत खेळाचंच सामान असेल तर. शिवाय अमेरिकेत उतरल्यावर खाण्याचे पदार्थ जाहीर करावे लागतात. त्यासाठी गोल्फची अख्खी पिशवी उघडून दाखवायची, म्हणजे इतक्या निगुतीने केलेली बांधाबांध त्या टेबलावर उसकटणार आणि पुन्हा तशी होणार नाही. तडजोड म्हणून चिवडा सूटकेसमध्ये गेला. ड्रायव्हरच्या डोक्याशेजारी.

पिशवीच्या वर चढवायचं आवरण कडक घ्यायचं की मऊ, यावर खेळणाऱ्यांत दोन तट आहेत. कडक प्लॅस्टिकची पेटी आडवा मार चांगला अडवते. मऊ आवरण, म्हणजे जाड कापडाची, चाकं लावलेली, डोक्याच्या बाजूला फोम भरलेली खोळ. ती वजनाला हलकी आणि वापर संपला की गुंडाळून कपाटावर टाकता येते. नाशिककराने मऊ खोळ आणि आत स्टिफ आर्म अशी जोडी घ्यावी, असं माझं मत झालं आहे. त्याचं कारण विमानात नाही, टॅक्सीत आहे.

नाशिकहून मुंबई विमानतळाला जाणाऱ्या टॅक्सी बहुतांश सीएनजीच्या. डिकी उघडली की समोर आडवी सिलिंडरची टाकी आणि तिच्या अलीकडे दोन केबिन बॅगा बसतील एवढी फट. सव्वा मीटरची कडक पेटी तिथे कुठल्याही कोनात जात नाही. मग चालक म्हणतो, “वर कॅरिअरला बांधू ना साहेब, काय होतंय!” बरंच काही होतं. नायलॉनच्या दोरीने आवळताना पेटीचा मध्य दबतो, घाटात गाडी वळली की पेटी सरकते, आणि पावसाळ्यात इगतपुरी ओलांडेपर्यंत आत पाणी. मऊ खोळ मागची अर्धी सीट पाडून किंवा दोन प्रवाशांच्या पायांशी तिरकी टाकून नेता येते. ज्यांना कडक पेटीच हवी त्यांनी गाडी ठरवतानाच मोठी, डिझेलची आणि पाठची सीट दुमडणारी मागावी. फोनवर ‘सामान जास्त आहे’ एवढं सांगून चालत नाही. चालकाच्या डोळ्यांपुढे चार सूटकेसेस येतात. लांबी सांगायची, चार फूट.

उन्हाचाही मुद्दा आहे. काठीचं डोकं आणि दांडा यांना धरून ठेवतो तो इपॉक्सी नावाचा चिकट पदार्थ, आणि मुठीवर असतं रबर. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीच्या डिकीत सेट दिवसेंदिवस ठेवला तर दोन्ही लवकर म्हातारे होतात. विमानाच्या उदरातल्या थंडीपेक्षा आपल्या अंगणातलं ऊन या बाबतीत जास्त वाईट.

रस्ता मात्र सुधारला आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यापासून कसारा घाटातली वळणं टाळता येतात. भिवंडी-ठाण्याचा तुंबारा आहे तिथेच आहे, आणि विमान चुकण्याच्या भीतीने पिशवी कशीही गाडीत कोंबली जाते ती त्या तुंबाऱ्याच्या धास्तीनेच. रेल्वेने जाणाऱ्यांना पंचवटी एक्स्प्रेसच्या वरच्या फळीवर मऊ खोळ आडवी टाकता येते. पण नाशिक रोडला गाडी थांबते थोडी आणि दारात गर्दी फार, त्यामुळे सोबत कुणीतरी हवंच.

ओझर विमानतळ घराजवळ म्हणून बरेच जण तिथून दिल्ली किंवा हैदराबाद गाठून पुढचं विमान धरतात. त्यात एक बारकावा आहे. तुमच्या वाट्याला एटीआर जातीचं, पंख्यांचं लहान विमान आलं, तर त्याच्या पोटात सामानाची कोठी नसते. सामान वैमानिकांच्या पाठीमागे आणि शेपटीकडे अशा दोन कप्प्यांत, हाताने रचून भरतात. जागा आणि वजन दोन्ही तोलून मापून. भर पडली की अवजड, लांबट नग मागे राहतो आणि पुढच्या विमानाने येतो. पुढचं विमान म्हणजे बहुधा उद्याचं. तुम्ही हैदराबादहून रात्री दुबईला निघणार असाल तर पिशवी आणि तुम्ही यांची ताटातूट ठरलेली. तिकीट काढतानाच विमान कोणत्या जातीचं आहे ते दिसतं. ते बघावं आणि लांब सामान आहे असं कंपनीला आधी कळवून नोंद करून घ्यावी.

काउंटरवर पिशवी गेल्यानंतर काय घडतं, हे प्रवाशाला दिसत नाही. लांब नग नेहमीच्या पट्ट्यावर वळणांत अडकतो म्हणून मोठ्या विमानतळांवर त्याला वेगळ्या खिडकीवर पाठवतात. तिथे क्ष-किरण तपासणी, मग ट्रॉली, मग विमान. प्रत्येक टप्प्यावर माणसाचा हात लागतो. लोडरचं काम एकदा बघितलं की त्याच्यावर राग धरवत नाही. कोठी बुटकी, त्यात गुडघ्यांवर बसून शंभरेक नग ठरावीक मिनिटांत रचायचे, बाहेर ऊन किंवा पाऊस. एका नगाचं वजन ३२ किलोंच्या वर नको, हा बहुतेक विमान कंपन्यांचा नियम याच पाठींसाठी आहे. त्याने तुमच्या पिशवीवरचं ‘फ्रॅजाइल’चं लाल स्टिकर वाचून ती फुलासारखी ठेवावी ही अपेक्षा अवाजवी आहे. तसलं स्टिकर दर तिसऱ्या सूटकेसवर असतं, आत लोणच्याची बरणी असली तरी.

स्टिकरपेक्षा पिशवीची घडण बोलकी असते. दोन्ही टोकांना आणि मध्ये भक्कम मुठी असतील तर माणूस मुठीला धरतो, नसतील तर पट्ट्याला धरून ओढतो. चाकं असतील तर ढकलतो. लोंबणारे पट्टे, बाहेर अडकवलेले बूट, छत्री हे सगळं कशात तरी अडकणार, म्हणून ते आत जायला हवं किंवा घरी राहायला हवं. लेझरने अंतर मोजायची दुर्बीण आणि पॉवर बँक हातातल्या पिशवीत. लिथियमची सुटी बॅटरी सामानात टाकायला परवानगीच नाही. नाव-पत्त्याची एक चिठ्ठी आतही ठेवायची, कारण बाहेरची फाटली तर पिशवीला बोलता येत नाही. माग काढणारी बटणाएवढी ब्लूटूथ चकती आतल्या खिशात टाकून ठेवली तर पिशवी दोह्याला राहिली की तुमच्यासोबत पुढे आली हे तुम्हाला काउंटरवरच्या माणसाच्या आधी कळतं.

सामान उशिरा पोचण्याच्या तक्रारींत सर्वांत मोठा वाटा विमान बदलण्याचा असतो. विमान उशिरा उतरलं, माणूस धावत पुढच्या दारापर्यंत पोचला, पिशवी नाही पोचली. म्हणून दोन विमानांमध्ये तासाभराचं अंतर असलेलं स्वस्त तिकीट गोल्फवाल्याने घेऊ नये. तीन तास लाउंजमध्ये पेंगावं. आणि स्पर्धा असेल तर आदल्या दिवशी नव्हे, दोन-तीन दिवस आधी पोचावं.

आता पैशांची बाजू. इथे लोकांचे गैरसमज सर्वांत जास्त आहेत. देशांतर्गत विमानप्रवासात सामान हरवलं, मोडलं, उशिरा आलं तर कंपनीची जबाबदारी प्रवाशामागे २०,००० रुपयांपर्यंत. दोन लाखांचा सेट गेला तरी तेवढेच. परदेश प्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो, भारत त्यात २००९ मध्ये सामील झाला. त्या करारातली मर्यादा डॉलरमध्ये नसून एसडीआर या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबी एककात असते. २८ डिसेंबर २०२४ पासून ती प्रवाशामागे १,५१९ एसडीआर झाली, म्हणजे ढोबळ मानाने पावणेदोन लाख रुपये. आणि ही कमाल मर्यादा आहे. आपोआप हातात पडणारी रक्कम नव्हे. नुकसान किती झालं ते तुम्ही दाखवायचं. सामानाची किंमत याहून जास्त असेल तर चेक-इन करताना ती जाहीर करून, कंपनी मागेल तेवढे जादा पैसे भरून मर्यादा वाढवून घेण्याची तरतूद करारात आहे. पण ती वापरणारा माणूस शोधून सापडायचा नाही.

काउंटरवर कधी कधी एक छोटा टॅग पुढे करून सही मागतात. लिमिटेड रिलीज असं त्याचं नाव. त्याचा अर्थ असा की वस्तू नाजूक आहे किंवा बांधणी अपुरी आहे हे तुम्हाला मान्य आहे. वस्तूच्या मूळ दोषामुळे किंवा प्रकृतीमुळे नुकसान झालं तर तेवढ्यापुरती वाहतूकदाराची जबाबदारी सुटते असं कराराचं कलम आहे, आणि ही सही त्याला पुरावा ठरते. रांगेत मागे लोक खोळंबलेले असतात, आपण घाईत सही ठोकतो. निदान वाचून तरी ठोकावी. पिशवी व्यवस्थित बांधलेली असेल तर तसं म्हणायला हरकत नाही, आणि बांधाबांधीचे चार फोटो फोनमध्ये असले तर ते म्हणणं ऐकूनही घेतलं जातं.

मोडतोड दिसली तर विमानतळ सोडण्याआधी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. करारानुसार लेखी तक्रारीला सामान मिळाल्यापासून ७ दिवस, आणि उशिराबद्दल २१ दिवस असतात. लोक काय करतात? चौदा-पंधरा तासांच्या प्रवासानंतर पिशवी गाडीत टाकतात, घरी नेऊन कोपऱ्यात उभी करतात आणि जेट लॅग उतरल्यावर दुसऱ्या आठवड्यात उघडतात. तोवर मुदत संपलेली. खोळीची चेन उघडून दांड्यांवरून एकदा बोटं फिरवायला पट्ट्याशेजारी दोन मिनिटं लागतात. प्रवास विमा घेतला आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी त्यातली प्रत्येक वस्तूमागची मर्यादा आणि खेळाच्या साहित्याची अट वाचावी. बऱ्याच पॉलिसी तिथेच हात आखडतात.

नाजूक, लांबट, महाग सामान परदेशी नेण्याचा नाशिकचा खरा मोठा अनुभव मात्र गोल्फचा नाही, सायकलचा आहे. २०१५ मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या भावांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइडपासून मेरीलँडमधल्या ॲनापोलिसपर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर, ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत. २०१७ मध्ये नाशिकलाच नेमणुकीला असलेले लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने १२ दिवसांच्या मुदतीत पुरी केली. असं करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या पायांबद्दल आणि झोपेबद्दल भरपूर लिहून आलं. मला कुतूहल आहे ते त्याआधीच्या टप्प्याचं. शर्यतीची सायकल कार्बनची, म्हणजे गोल्फच्या दांड्याच्याच कुळातली. शर्यतीला एक सायकल पुरत नाही, सोबत दुसरी आणि सुटी चाकं लागतात. मुंबईहून लॉस एंजेलिसला थेट विमान नाही, वाटेत बदल आहेच. आणि हरवलेली सायकल दोन दिवसांनी आली तर शर्यत तोवर वाळवंटात पोचलेली.

या शहरात आज सायकल खोलून खोक्यात भरून देणारे मिस्त्री आहेत, ते या हौशी मंडळींमुळे तयार झाले. नव्या सायकलीचं रिकामं पुठ्ठ्याचं खोकं दुकानातून मागून आणायचं. पेडल काढताना डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे माहीत नसलेला माणूस तिथेच अर्धा तास झुंजतो. सीटच्या दांड्यावर उंचीची खूण म्हणून चिकटपट्टीचा वेढा द्यायचा, म्हणजे पलीकडे मोजमाप करत बसायला नको. पुढचं चाक काढलं की काट्याच्या दोन टोकांमध्ये प्लॅस्टिकचा आडवा तुकडा अडकवायचा, नाहीतर वरून दाब आला की काटा मिटतो. डिस्क ब्रेकच्या फटीत पुठ्ठ्याची घडी सरकवायची. गिअर बदलणारा मागचा डिरेलर सोडवून, फडक्यात गुंडाळून, सांगाड्याच्या आत बांधून टाकायचा. तो ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या पट्टीला लटकतो ती मुद्दामच मऊ केलेली असते, मार बसला तर तिने वाकावं आणि महागडा सांगाडा वाचावा म्हणून. जाणकार तिचा एक जादा तुकडा खिशात ठेवतात. टायरमधली हवा काढायला लावतात त्यामागचं शास्त्र मात्र लंगडं आहे. विमानाच्या कोठीतही केबिनइतकाच दाब राखलेला असतो आणि जमिनीवरच्या दाबाशी त्याचा फरक टायरच्या दाबापुढे नगण्य. तरीही काउंटरवर वाद घालू नये. थोडी हवा सोडावी आणि पुढे व्हावं. हवा भरायच्या कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्या मात्र घरीच ठेवलेल्या बऱ्या.

गोल्फवाल्यांनी सायकलवाल्यांकडून शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे सरावाची बांधणी. शर्यतीला जाणारा स्वार सायकल एकदा घरीच खोक्यात भरतो, बाहेर काढतो, पुन्हा जोडतो. कुठला पाना लागला, कुठला स्क्रू कुठल्या पुडीत, हे त्याला पाठ होतं. गोल्फचा सेट आपण निघायच्या आदल्या रात्री भरतो, आणि ड्रायव्हरचं डोकं सोडवायचा पाना कपाटात कुठे आहे याचा शोध बारा वाजता सुरू होतो.

न्यावाच का सेट, हाही विचार करण्यासारखा आहे. चार दिवसांच्या सहलीला थायलंडला जाऊन दोनदा खेळायचं असेल तर तिथे भाड्याने मिळणारा सेट घ्यावा. स्वतःचा पटर आणि हातमोजे न्यावेत, तोही पटर सूटकेसमध्ये तिरका मावला तर. परदेशात, विशेषतः अमेरिकेत, गोल्फच्या पिशव्या कुरिअरने थेट मैदानावर पोचवणाऱ्या कंपन्या आहेत. आपल्याकडून समुद्रापार तसं पाठवायचं तर खर्च आणि जकातीची कागदपत्रं दोन्ही अंगावर येतात. व्यावसायिक खेळाडूला हा पर्याय नसतो. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिम्पिकला गेला तो अगदी शेवटच्या क्षणी. अर्जेंटिनाच्या खेळाडूने माघार घेतली आणि याला जागा मिळाली. त्याच्या पातळीवर काठीचं वजन, दांड्याचा लवचीकपणा, मुठीची जाडी सगळं अंगाला बेतलेलं असतं. भाड्याचा सेट तिथे कामाचा नाही. आपल्यासारख्या ज्याचा हँडिकॅप वीसच्या पुढे आहे, त्याला आपल्या काठीशिवाय जमत नाही ही बहुतांशी समजूत असते, पण समजुतीने फटका चांगला बसत असेल तर तीही मोजावी लागते.

परतीचा प्रवास लोक हलक्यात घेतात. टॉवेल लेकीच्या घरी राहतात, स्टिफ आर्म गॅरेजमध्ये, आणि रिकाम्या जागेत नातवंडांनी दिलेल्या वस्तू. मुंबईला उतरल्यावर कस्टम्सचा अधिकारी चकचकीत सेट बघून विचारतो की हा तिकडून घेतला का. इथून जाताना विमानतळावरच्या कस्टम्सकडून वस्तू दाखवून निर्यात प्रमाणपत्र करून घेतलं असेल तर तो कागद पुढे केला की विषय संपतो. त्यासाठी चेक-इनच्या आधी थोडा जादा वेळ हाताशी हवा, कारण पिशवी एकदा पट्ट्यावर गेली की दाखवणार काय? प्रमाणपत्र नसेल तर निदान खरेदीचं जुनं बिल हवं. कर्नलसाहेबांनी दोन्ही कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून, अगदी सुरक्षित राहावेत म्हणून, गोल्फच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवले होते. काकूंनी परत निघायच्या दिवशी सकाळी ते काढून पासपोर्टच्या पाकिटात सरकवले आणि त्यांना सांगितलं नाही.